एल्विराचा पाव कोण खातो?

बातिस्त लिफ्टचा माणूस. म्हणजे लिफ्टमध्ये बसणारा नव्हे, लिफ्टच्या डोक्यावर चढून तिचे दोर तपासणारा. वालेन्सियाच्या बंदराकडे ज्या जुन्या कचेऱ्या आणि गोदामं होती, त्यांच्या लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरींत उतरायचं, बॅटरी मारायची आणि हा बोल्ट ढिला तर नाही, ती तार विरली तर नाही, हे बघायचं, यात त्याचं आयुष्य गेलं. संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, संशय चालूच राहिला. स्वतः तो पाचव्या मजल्यावर राहतो आणि रोज जिन्याने चढतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, "आत काय असतं ते मला विचारा."

असा माणूस खायला बाहेर पडला की काय होणार, हे सांगायला नकोच. आमच्याकडे सकाळी दहाचं खाणं हेच खरं खाणं. दुपारी दोनला जेवतो ते घरच्यांसाठी, रात्री चार घास खातो ते डॉक्टरच्या धाकाने, पण दहा वाजता बारमध्ये बसून हातभर लांबीचा भरला पाव खायचा तो स्वतःसाठी. बातिस्त आणि त्याच्यासारखेच घरी बसलेले तिघं दोस्त दर शुक्रवारी एक नवा बार धुंडाळतात. एकदा रुसाफातला, एकदा बेनिमाक्लेतचा, एकदा पार विमानतळाच्या रस्त्यावरचा ट्रकवाल्यांचा. टेबलावर शेंगदाणे आणि ऑलिव्ह न मागता येतात का, पाव आतून गरम आहे का, शेवटच्या कॉफीतली रम नीट पेटवली होती का, यावर त्यांची अशी काही वादावादी चालते की शेजारच्या टेबलांना वाटावं, इस्टेटीची वाटणी चाललीय.

पाव समोर आला की बाकीचे तिघं त्यात दात रोवतात. बातिस्त आधी वरचं झाकण उचलतो आणि आत बघतो. स्क्विड तळलेला असेल तर एक कडं उचलून उजेडात धरतो. घोड्याचं मांस असेल तर हुंगतो. ऑम्लेट असेल तर सुरीने कडेला चिरून बटाटा आजचा की कालचा ते तपासतो. रुसाफातल्या बारवालीने तर त्याला विचारलंच होतं, "काय शोधतोयस रे बाबा? तुझा चष्मा पडलाय का आत?"

"पडला असता तर तोही तुम्ही तळला असता," बातिस्त म्हणाला होता. त्या बारमध्ये ते पुन्हा गेले नाहीत.

एकच पाव होता ज्याचं झाकण बातिस्तने जन्मात उचललं नाही. त्याच्या बायकोचा, एल्विराचा. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ती पहाटे उठून पाव भरायची, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधायची, आणि तो कामावर जाताना तो पाव बंदराजवळच्या तोनिकाच्या बारमध्ये ठेवून पुढे जायचा. तोनिकाच्या काउंटरवर एक मोठी वेताची टोपली असायची. आसपासचे सगळे कामगार सकाळी आपापली पुरचुंडी त्या टोपलीत टाकून जात. ज्याची जेव्हा सुट्टी तेव्हा तो येई, तोनिका त्याची पुरचुंडी काढून तव्यावर पाव गरम करून देई, वाइन-सोडा आणि शेंगदाणे तिचे. पाव घरचा, बाकी बारचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. आता तोनिका नाही, बारही नाही, तिथे काचेचं हॉटेल उभं आहे. आणि बातिस्त घरी बसल्यापासून एल्विराने पावाला हात लावलेला नाही. "सुटले बाई," एवढंच म्हणाली होती.

तर एका शुक्रवारी हे चौघं कबान्यालमध्ये, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बारमध्ये बसले होते. तिथे अजूनही घरचा पाव आणू देतात. बातिस्तने आपल्यासमोरच्या पावाचं झाकण उचललं, आतली मिरची तपासली, एक घास घेतला, आणि सहज मान वर केली तर पलीकडच्या टेबलावर एक माणूस पुरचुंडी सोडत होता.

फडकं निळ्या चौकड्यांचं.

माणूस सत्तरीच्या आसपासचा, गोरटेला, मिशी नीट कातरलेली, शर्टाला इस्त्री. त्याने फडकं उलगडलं, पाव हातात घेतला, आणि बातिस्तचा घास तोंडातल्या तोंडात राहिला. पावाच्या एका टोकाला आतलाच गर चोळून, दाबून, बूच मारल्यासारखं टोक बंद केलेलं होतं. तेल गळू नये म्हणून. कडेने तळलेल्या वांग्याच्या पातळ चकत्या डोकावत होत्या, त्यावर लसूण घालून ठेचलेला टोमॅटो, आणि खारवलेल्या ट्यूनाची तांबूस कड. असा पाव वालेन्सियात कुठल्याही बारमध्ये मिळत नाही. असा पाव जगात एकच बाई करते, आणि ती बातिस्तची बायको आहे.

"काय झालं?" नेलोने विचारलं. नेलो म्हणजे जुना बस ड्रायव्हर, चौघांतला सगळ्यात तोंडाळ. "भूत बघितलंस का?"

"तो माणूस कोण?"

"मला काय माहीत? खातोय बिचारा."

"तेच तर. काय खातोय ते बघ ना."

नेलोने बघितलं. "वांगं. बरं मग?"

माझ्या बायकोचा पाव परका माणूस खातोय, असं चारचौघांत कसं म्हणायचं? बरं, त्या माणसाचा चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, आणि त्यामुळे तर बातिस्तच्या मनात जास्तच पाल चुकचुकली.

घरी पोचल्यावर त्याने आधी स्वयंपाकघरातला खण उघडला. निळ्या चौकड्यांची फडकी किती होती हे त्याला आठवेना. माणसाला आपल्या लिफ्टमधले बोल्ट पाठ असतात, घरातली फडकी कोण मोजतं? एल्विरा दारात येऊन उभी राहिली.

"काय हवंय?"

"काही नाही. वांगी आहेत का घरात?"

"वांगी?" ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "वांगी कशाला?"

"सहज."

"नाहीत," ती म्हणाली आणि निघून गेली. तिचं ते क्षणभर थांबणं बातिस्तने टिपलं. कुठेतरी पाणी मुरतंय, त्याने ठरवून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा घराबाहेर पडला, गल्लीला वळसा घातला, आणि अर्ध्या तासाने पाच मजले चढून परत आला. एल्विरा घरात नव्हती. शुक्रवारी मी बाजारात जाते, असं ती सांगायची. बाजाराची पिशवी दारामागच्या खुंटीवर लटकत होती. मोरीतल्या आरशासमोर लिपस्टिकची कांडी उघडी पडली होती. बातिस्तने ती हातात घेतली, झाकण लावलं, परत होती तशी उघडी ठेवली. मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याला रडू येईलसं वाटलं. आलं नाही.

तो तसाच बस पकडून कबान्यालला गेला. त्याच्याच हट्टाने चौघं या शुक्रवारीही तिथेच भेटणार होते. मिशीवाला तिथे होता. एकटाच. समोर पाव, निळं फडकं गुडघ्यावर. म्हणजे ही बया पाव देऊन निघून जाते की काय? की बाहेर कुठे थांबलीय? बातिस्तने गल्लीत दोन्ही बाजूंना नजर टाकली. एक म्हातारी कुत्रा फिरवत होती, बाकी कुणी नाही.

"आज तू उशिरा," नेलो म्हणाला. "आणि तोंड असं का? बायकोने हाकललं की काय?"

बाकीचे हसले. बातिस्तने नेलोकडे असं काही बघितलं की नेलोने शेंगदाण्यांची बशी मुकाट त्याच्याकडे सरकवली.

तो आठवडा बातिस्तने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक. एल्विरा फोनवर बोलायला लागली की तो टीव्हीचा आवाज कमी करायचा. ती बहिणीशी गुडघ्याबद्दल बोलत असायची. गुडघा म्हणजे काहीतरी खूण असणार, असं त्याला वाटायचं. एकदा तिने नवा फ्रॉक घालून विचारलं, "कसा दिसतो?" तर हा म्हणाला, "कुणाला?" ती आत गेली. संशयाला एकदा वाट मिळाली की तो घरभर हिंडतो, कपाटात शिरतो, उशीखाली जाऊन बसतो. इतकी वर्षं लिफ्टच्या दोरांवर खर्ची घातलेलं डोकं आता सगळंच्या सगळं एल्विरावर लागलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी तो दोस्तांच्या टेबलावर न बसता सरळ मिशीवाल्यासमोर जाऊन बसला.

"तुमची काही हरकत?"

"बसा की," माणूस म्हणाला. "मी गास्पार."

"बातिस्त." नाव ऐकून हा दचकतो का, हे बातिस्तने नीट निरखलं. गास्पार दचकला नाही. चांगलाच मुरलेला दिसतोय, बातिस्तच्या मनात आलं. "पाव घरचा का?"

"घरचाच. बाहेरचं मला मानवत नाही."

"कुणी केला?"

गास्पार हसला. "केला मी. पण हात माझ्या बायकोचा म्हणायचा. चेलो गेली माझी. जाण्याआधी मला शेजारी उभं करून शिकवलं तिने. म्हणाली, तू उपाशी मरशील रे मेल्या, शिकून घे."

मेलेल्या बाईच्या नावावर खपवतोय, बातिस्त मनात म्हणाला. तोंडाने म्हणाला, "हे टोकाचं बूच तिचंच का?"

"तिचं, तिच्या आईचं. त्यांच्या गावाकडे असंच करतात. चव घेणार? घ्या, घ्या, एवढं मला आता संपत नाही."

गास्पारने सुरीने बुचाकडचं टोक कापून त्याच्यापुढे ठेवलं. बातिस्तने ते तोंडात घातलं. तोच टोमॅटो. तोच लसूण. मासा किंचित जास्त खारट, तोच. त्याला तोनिकाचा बार आठवला, ग्रीसने काळी झालेली आपली बोटं आठवली, भिजलेल्या हिवाळ्यातल्या सकाळी आठवल्या. त्या सगळ्या सकाळी एल्विराच्या होत्या, आणि आता हा माणूस त्या चावून खातोय. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट लागलं?" गास्पारने विचारलं.

"नाही. खारट."

"हां, खारट आहेच. चेलोचा हात मिठाला सढळ." गास्पारला बोलायला कुणीतरी मिळालं होतं, तो सुटला. "पण एक गंमत सांगू? मी कामावर होतो ना, बंदरावर, वजनकाट्यावर, तेव्हा ही जो पाव बांधून द्यायची त्याची मजा काही औरच होती. बटाट्याचं ऑम्लेट असं करायची, आत मिरची अशी घालायची की कानातून धूर निघावा. वर चार बोटं सॉसेज, कधी कांद्यात परतलेली कलेजी. आणि रविवारी घरी म्हटलं, चेलो, कर ना ते ऑम्लेट, तर करायची ते नुसतं पांचट. म्हणायची, मी नेहमी असंच करते. वांगं मात्र मला रविवारीच मिळायचं. पुढेपुढे मी मागणंच सोडलं."

बातिस्त कान देऊन ऐकत होता, पण ऐकत होता ते फक्त थाप कुठे पकडता येते ते बघायला.

"आणि एकदा तर काय," गास्पार पुढे म्हणाला, "पाव उघडला तर आत काही नाही. नुसता पाव. सगळे खदखदून हसले मला. घरी जाऊन मी तिच्यावर तोफ डागली. ती आपली शपथा घेतेय, मी भरला होता, मी भरला होता. मी ऐकलं नाही. बरेच दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. आता वाटतं, भरायला विसरली असेल बिचारी. कबूल करायला लाजली असेल."

"असेल," बातिस्त म्हणाला आणि उठला. त्याच्या मते सगळं उघड होतं. हा माणूस बायकोच्या नावाखाली दुसऱ्याच बाईच्या पावाचं कौतुक करत होता. घरी एक चव आणि कामावर दुसरी, एकाच हाताची? कुणाला शेंड्या लावतोय हा?

घरी एल्विरा बाल्कनीत बसून शेंगा सोलत होती. रविवारच्या भातासाठी. बातिस्त तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. पाच मजले चढून त्याला धाप लागली होती आणि त्याला थांबायचंही नव्हतं.

"एल्विरा, तू मला बांधून द्यायचीस तो वांग्याचा पाव. टोकाला बूच मारलेला. तो तू आणखी कुणाला देतेस?"

एल्विराचे हात थांबले. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, शेंगेकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आज विचारतोयस?"

"मग कधी विचारायचं?"

"मी तुला एकदाही वांगं घातलं नाही, बातिस्त."

"खोटं बोलू नकोस. मी वर्षानुवर्षं खाल्लंय."

"खाल्लं असशील. माझ्या हातचं नाही." आता तिने वर बघितलं. तिचा चेहरा असा झाला होता की बातिस्त स्टुलावर थोडा मागे सरकला. "आपलं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. मी बटाट्याचं ऑम्लेट करून दिलं. संध्याकाळी तू आलास, मी विचारलं, कसा होता पाव? म्हणालास, वांगं झकास होतं. मी म्हटलं चेष्टा करतोयस. दुसऱ्या दिवशी कलेजी घातली. म्हणालास, मासा जरा खारट. त्यानंतर मी विचारणं सोडलं. पण तू आपणहून सांगायचास ना, हावऱ्यासारखा. आज टोमॅटो छान होता. आज लसूण भरपूर. मी रोज पहाटे उठून तुझा पाव भरायचे, आणि रोज तू दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं खाऊन माझ्यासमोर ओठ चाटायचास."

"दुसऱ्या कुणाच्या?"

"कुठल्या तरी बाईच्या! मला काय माहीत कुठल्या! मी तुझे शर्ट हुंगले, खिसे उलटे केले. ग्रीसशिवाय कशाचा वास नाही. म्हटलं, बाई हुशार दिसतेय. एकदा तर नुसता पाव बांधला. आत काही म्हणजे काही नाही. म्हटलं, आता तरी येऊन भांडेल. तू काय केलंस? घरी येऊन म्हणालास, आज पोट मस्त भरलं."

बातिस्तच्या तोंडाचा आ वासलेला राहिला. नुसता पाव. आत काही नाही. सगळे खदखदून हसले. त्याच्या डोक्यात एकेक बोल्ट जागेवर बसायला लागला आणि त्याला, अगदी नको त्या वेळी, हसू फुटलं.

एल्विराने शेंगांची अख्खी परडी त्याच्या अंगावर फेकली.

"थांब, थांब, ऐक!" तो दोन्ही हात डोक्यावर धरून म्हणाला. "नुसता पाव गास्पारला मिळाला! तो बायकोशी भांडला!"

"कोण गास्पार?"

मग त्याने सांगितलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. गास्पार, वजनकाटा, मिशी, चेलो, बूच. एल्विरा ऐकत होती. अर्ध्यातच तिने विचारलं, "त्याचं फडकं?"

"आपल्यासारखंच. निळं."

"ती फडकी बेकरीवाल्याने नाताळात सगळ्यांना फुकट वाटली होती. अर्ध्या बंदराकडे होती." तिने हवेतच बोटांनी गाठ मारून दाखवली. "मी दोन कानांची गाठ मारायचे, सशासारखी. तुला तोनिका कसली द्यायची?"

बातिस्तने डोळे मिटून आठवलं. तोनिकाचा लालभडक हात टोपलीत जातोय, पुरचुंडी वर येतेय. "एका कानाची."

"आणि तू कधी बघितलं नाहीस."

"घरच्या पुरचुंडीत बघायचं काय?"

तोनिकाने सुरुवातीला कधीतरी एकाची पुरचुंडी दुसऱ्याला दिली असणार, आणि एका कानाची लिफ्टवाल्याची, दोन कानांची काट्यावाल्याची, असं डोक्यात पक्कं करून टाकलं असणार. तिने डोक्यात ठेवलेलं कधी हललं नाही. बातिस्त दहाला यायचा, गास्पार अकराला. बंदरावर येता-जाता दिसले असतील तेवढेच, टोपलीपाशी दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर दुनियेतल्या प्रत्येक पावाचं झाकण उचललं, तो एका पावावर डोळे मिटून विश्वास ठेवून बसला, आणि नेमका तोच पाव त्याचा नव्हता.

"तू विचारलं का नाहीस मला?" बातिस्त म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एकदा तरी?"

एल्विरा खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचायला लागली. "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. खोटं बोलायला तुला जमत नाही. मग मला जावं लागलं असतं. दोन पोरांना घेऊन मी कुठे जाणार होते? आईच्या दोन खोल्यांत? म्हटलं, संध्याकाळी घरी येतो, पगार देतो, पोरांना फिरायला नेतो. असेल एखादी. खाऊ दे तिच्या हातचं."

बातिस्तही शेंगा वेचायला खाली बसला. दोन आठवडे आपण जळलो तर जेवण गेलं नाही, झोप लागली नाही. आणि ही बाई पोरं लहानाची मोठी होईपर्यंत, त्यांची लग्नं होईपर्यंत, हे पोटात घेऊन पहाटे उठत होती आणि पाव भरत होती. त्याला इतकी लाज वाटली की त्याला तिच्याकडे बघवेना. मग एक गोष्ट अजून मनातून जात नव्हती, म्हणून त्याने विचारलंच.

"शुक्रवारी कुठे जातेस? पिशवी न घेता?"

एल्विरा हातातली शेंग तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली. "तू माझी पिशवी तपासलीस?"

"लिपस्टिकही."

"मूर्खा," ती म्हणाली. "थंडगार, गोड ओर्चाता प्यायला जाते. एकटी. गोड पाव बुडवून खाते, पेपर वाचते. तू शुक्रवारी हिंडतोस, मीही हिंडते. दर खेपेला दुकान नवं. सगळं काय तुम्हीच चौघांनी चाखायचं?" मग म्हणाली, "त्या माणसाला बघायचंय मला."

पुढच्या शुक्रवारी एल्विरा पोवळ्याचे डूल घालून कबान्यालला आली. नेलो खुर्चीतून अर्धा उठला. "अरे वा! बातिस्त, आज तपासनीस बरोबर आणलास?"

"तू गप बस," एल्विरा म्हणाली आणि सरळ गास्पारच्या टेबलावर गेली. बातिस्त मागोमाग.

सांगायचं काम बातिस्तने केलं. गास्पार आधी हसला, मग चेष्टा करताय का म्हणून दोघांकडे आळीपाळीने संशयाने बघितलं, मग टोपली आणि गाठी आल्या तसा पुढे वाकून ऐकायला लागला. नुसत्या पावाची गोष्ट आली तेव्हा त्याने हातातला पाव खाली ठेवला. बराच वेळ तो मिशीवरून बोट फिरवत राहिला.

"म्हणजे ती खरं सांगत होती," तो म्हणाला.

"हो," एल्विरा म्हणाली. "माझं चुकलं. मी रागाने बांधला होता."

"कुणावर?"

"ह्याच्यावर."

गास्पारने खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं. मग खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिला नीट, पहिल्यांदाच, बघितलं. "मग ते मिरची घातलेलं ऑम्लेट तुमचं?"

"रागाचंच होतं ते. म्हटलं, तोंड भाजू दे."

"बाई, मी सोमवारची वाट बघायचो त्याच्यासाठी!"

एल्विराचा चेहरा लाल झाला. बातिस्तने तिला इतक्या वर्षांत अशी कधी बघितली नव्हती. ती टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकली.

"खरं सांगा. जास्त नव्हती होत मिरची?"

"अजिबात नाही. आणि बटाटा आतून मऊ राहायचा, तो कसा?"

"आधी दुधात शिजवून घ्यायचे. आणि कलेजी? कलेजी कशी व्हायची?"

"कलेजी मंगळवारी. कांदा असा विरघळलेला, वर थोडी दालचिनी, बरोबर ना? मी तोनिकाला म्हणायचो, घर बायकोच्या नावावर करायला हवं."

एल्विरा हसली, मोठ्याने. नेलोच्या टेबलावरच्या माना वळल्या. लग्न झालं तेव्हा नव्या नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला आज मिळत होतं, आणि ते तिला पुरत नव्हतं. बुधवारी काय होतं, गुरुवारी काय, सॉसेजच्या खाली ती कसली पानं घालायची ते कळलं होतं का, ती विचारतच राहिली आणि गास्पार एकेक सांगत राहिला. दोन आठवडे बातिस्तने या दोघांवर विनाकारण संशय घेतला होता. आज त्याला खरोखरच हेवा वाटला, आणि आज त्याला कुणावर रागावताही येत नव्हतं. त्यालाही मध्ये काहीतरी बोलावंसं वाटलं, बायकोच्या हाताचं कौतुक करावंसं वाटलं. त्याने दोनदा तोंड उघडलं. पण त्याने तो पाव कधी खाल्लाच नव्हता.